मोटार झिजू नये म्हणून

यज्ञेश्वर निसळांच्या अंगणात मोटार येऊन उभी राहिली, तेव्हा तोफखाना भागातल्या लोकांची पहिली समजूत अशी झाली की कोर्टात जप्तीचा माल ठेवायला आता जागाच उरलेली नाही. यज्ञेश्वरराव नगरच्या कोर्टात नाझर होते. जप्त झालेली कपाटं, पितळी हंडे, शिवणयंत्रं, एकदा तर एक बोलका पोपट, हे सगळं निकाल लागेपर्यंत जसंच्या तसं सांभाळायचं, ही त्यांची नोकरी. ती त्यांनी इतकी मन लावून केली होती की तो पोपट मालकाकडे परत गेला तेव्हा जप्तीच्या दिवशी बोलत होता त्याहून एक शब्द जास्त बोलत नव्हता आणि एक शब्द कमीही नाही.

"आमचीच आहे," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आणि खरं बोलायची सवय असल्यामुळे मग हळूच जोडत, "म्हणजे, हिची आहे."

ही म्हणजे विजयाबाई. त्यांचे मामा मुंबईला एका अमेरिकन साहेबाच्या हाताखाली होते. लढाई संपली, साहेबाने गाशा गुंडाळला आणि जाताना आपली मोटार मामांना देऊन टाकली. मामांना मोतीबिंदू. त्यांनी ती भाचीला दिली. भाचीला मोटारीची गरज आहे का, हा प्रश्न कुणी विचारला नाही, कारण देणाऱ्याला दिसत नव्हतं आणि घेणारीला बोलायची संधी मिळाली नाही.

गाडी फिकट निळी होती, पाऊस सरल्यावर आभाळ असतं तशी. आतली बैठक झोपाळ्यासारखी रुंद. पण खरी नवलाई वेगळीच होती. तिला क्लच नव्हता. गियर तिचे तीच बदलायची. हातातल्या चाकाखालच्या दांडीला फक्त चार जागा होत्या: न्यूट्रल, हाय, लो आणि रिव्हर्स.

ड्रायव्हर घेऊन गाडी पोचवायला आलेल्या मामांनी पाटावर बसून, श्रीखंडाची वाटी चाचपत, सगळं समजावून सांगितलं. "यज्ञेश्वरराव, हिच्या पोटात चक्रं आहेत, तेलात बुडालेली. ती आपली आपण फिरतात. आपण मध्ये पडायचं नाही. सकाळी सुरू केली की लगेच पळवायची नाही, अंग गरम होऊ द्यायचं. पाय हलका ठेवायचा. पुरती थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकायचा नाही. आणि घाटाच्या उतारावर मोकळी सोडायची नाही, लोमध्ये टाकायची, म्हणजे इंजिनच तिला धरून ठेवतं. बिघडली तर उघडून बघणारा माणूस इकडे मिळायचा नाही. तेव्हा झिजू द्यायची नाही, इतकंच."

विजयाबाई पुऱ्या वाढत होत्या. मामा संध्याकाळच्या गाडीने गेले.

'झिजू द्यायची नाही' एवढेच शब्द यज्ञेश्वररावांच्या मनात राहिले, आणि ते तिथे जुने नातेवाईक भेटल्यासारखे रमले. कारण हा माणूस मुळातच जपणारा. खडीचा रस्ता लागला की ते चपला काढून हातात घेत. घड्याळाला किल्ली अर्धीच देत. पावसात छत्रीचं कापड कुजतं म्हणून छत्री उन्हाळ्यातच वापरत. अशा माणसाने पुष्कळ विचार केला आणि तो ज्या निष्कर्षाला आला त्यात तर्काची चूक काढणं कठीण आहे: मोटार न झिजवता चालवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ती न चालवणं.

मग रोज संध्याकाळी कोर्टातून आल्यावर ते हातपाय धुऊन मोटारीत जाऊन बसू लागले. शेजारी विजयाबाई, मांडीवर गवारीच्या शेंगा घेऊन. गाडी बंद. अंगणात पारिजातकाचा सडा. यज्ञेश्वररावांचे हात चाकावर टेकलेले, तेही अलगद, चाकाची झिलई जाऊ नये इतके.

"कुठवर आलो?" विजयाबाई शेंग मोडत विचारायच्या.

"राहुरी मागे पडली. डावीकडे ऊस दिसतोय ना?"

"दिसतोय. पण धूळ येतेय, काच वर करा."

काच खरोखर वर केली तर तिचा दांडा झिजेल, म्हणून ते नुसतंच म्हणायचे, "केली."

अशी ती दोघं खूप हिंडली. एकदा खर्ड्याचा किल्ला बघून आली. वाटेत जामखेडला विजयाबाईंना उन्हाचा त्रास झाला, तेव्हा त्या आत जाऊन पाणी पिऊन आल्या. पण बहुतेक वेळा गाडी निघायची ती भंडारदऱ्याच्या वाटेला. लग्न झाल्यापासून विजयाबाई पुष्कळ गावं फिरल्या होत्या, पण प्रत्येक ठिकाणी कुणाचं तरी लग्न होतं, मुंज होती, नाहीतर कुणीतरी गेलं होतं. भंडारदऱ्याला त्यांचं कुणीही नव्हतं. तिथे नुसतं पाणी होतं, डोंगरांच्या मध्ये अडवलेलं, आणि त्या पाण्याकडे पाहण्याशिवाय तिथे जाऊन दुसरं काही करायचं नव्हतं. हे त्यांना फार आवडलं होतं.

दसरा झाला आणि एके संध्याकाळी विजयाबाई मोटारीत आल्या नाहीत.

"अगं, चल ना. आज राजूरच्या पुढे जाऊ."

"रोज राजूरपर्यंतच जातो आपण," विजयाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "पुढे पाणी दिसणार, तेवढ्यात तुमची संध्येची वेळ होते. मला खरं पाणी बघायचंय. यंदा. ते आटायच्या आत."

यज्ञेश्वरराव एकटेच जाऊन बसले. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे, गाडी माळीवाड्याच्या वेशीपर्यंतसुद्धा गेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कोर्ट बंद असतं. तेव्हा जायचं, असं त्यांनी रात्रीच ठरवलं आणि सकाळी किल्ली फिरवली. मोटारीने नुसता घसा खाकरला आणि गप्प झाली. बन्सीला बोलावणं गेलं. बन्सीने लढाईच्या वर्षांत भिंगारला लष्कराच्या लॉऱ्या चालवल्या होत्या आणि आता तो रिकामा होता. त्याने बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

"बॅटरी पार बसली, सायेब. गाडी उभी ऱ्हाऊन बी मरती."

"पण मी तिला हातसुद्धा लावला नव्हता!"

"त्येच म्हनतोय मी."

यज्ञेश्वररावांना हा घाव वर्मी लागला. चालवली तरी झिजते आणि जपली तरी मरते, अशा वस्तूशी नाझराने वागावं तरी कसं? त्यांच्या जप्तीच्या एकाही हंड्याने त्यांना असं फसवलेलं नव्हतं.

बॅटरी भरून आणली. शिकवणी भिंगारकडच्या माळावर सुरू झाली. पहिल्यांदा बन्सी स्वतः चाकावर बसला. त्याने पायाखाली चाचपून पाहिलं, वाकून पाहिलं.

"क्लच कुठंय?"

"नाही."

"चोरीला गेला?"

"मुळातच नाही. तू फक्त पाय हलका ठेव."

बन्सीने उजवा पाय खरोखरच फुलासारखा ठेवला. गाडी सुरेख निघाली, जणू माळच हळूहळू मागे सरकू लागला. पण वेग येताच बन्सीचा डावा पाय सवयीने क्लच शोधायला उठला, आणि तिथे ब्रेकची रुंद पट्टी होती, तिच्यावर सगळ्या ताकदीनिशी पडला. यज्ञेश्वररावांची टोपी समोरच्या काचेवर, आणि टोपीच्या पाठोपाठ नाक.

"सायेब, माजी कायबी चूक न्हाई," बन्सी कळवळून म्हणाला. "पाय ऐकत न्हाई माजा. जुनी खोड हाय त्येला."

शिष्याने गुरूकडून विद्या घेतली तशी खोडही घेतली. आठवड्याभरात यज्ञेश्वरराव गाडी बरी चालवू लागले, आणि मधूनमधून त्यांचाही डावा पाय उठून ब्रेकवर पडू लागला. ज्या पायाने जन्मात क्लच पाहिला नव्हता त्याला क्लचची आठवण यावी, हे मोठं गूढ होतं.

तो प्रश्न सरकारने सोडवला. मोटारी तपासणाऱ्या इन्स्पेक्टरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आज्ञा केली, "क्लच दाबून दाखवा."

"क्लच नाही, साहेब."

"क्लच नसलेली गाडी नादुरुस्त धरतात."

"नादुरुस्त नव्हे. ती जन्मतःच तशी आहे."

"जन्मतः नादुरुस्त," इन्स्पेक्टर म्हणाले, आणि कागदावर तसं लिहिण्याच्या बेताला आले.

यज्ञेश्वरराव खचून घरी आले. शेजारच्या काकासाहेबांना हे कळल्यावाचून राहणं शक्यच नव्हतं. काकासाहेब निवृत्त मामलेदार. जिल्ह्यातला प्रत्येक रस्ता त्यांनी घोड्यावरून पाहिलेला होता आणि त्यामुळे चाकं, इंजिन, रेल्वे, विमान या सर्वांबद्दल त्यांची मतं पक्की होती.

"अरे यज्ञेश्वर, सरकारला क्लच पाहिजे ना? मग दे क्लच. तो कशाला जोडलाय, हे सरकार कधीच बघत नाही. इतकी वर्षं मीच सरकार होतो."

बन्सीने मोडक्या लॉरीच्या क्लचचा पायटा आणून, खाली स्प्रिंग लावून, ब्रेकच्या डावीकडे घट्ट बसवला. तो कशालाही जोडलेला नव्हता. इन्स्पेक्टरांनी तो स्वतः दाबून पाहिला. "आता ठीक. जरा कडक आहे, तेल घाला," असं सांगून गाडी पास केली. यज्ञेश्वररावांनी खरोखर तेल घातलं. खोटं बोलल्याची टोचणी त्यांना तेवढ्याने जरा कमी झाल्यासारखी वाटली. शिवाय एक फायदा असा झाला की त्यांच्या डाव्या पायाला हक्काची जागा मिळाली. पायटा मनसोक्त दाबावा, गाडीला त्याचं काहीच नव्हतं.

पेट्रोलची कुपनं काकासाहेबांच्या ओळखीने मिळाली. त्यामुळे काकासाहेबांना बरोबर न्यावं लागलं. ते स्वतःच म्हणाले, "वाट दाखवायला कुणीतरी जाणतं हवं."

पाडव्यानंतर एका पहाटे गाडी निघाली. यज्ञेश्वररावांनी ती आधी अंगणातच इतका वेळ गरम होऊ दिली की शेजारी उठून, अंघोळ करून, ती गेली असेल असं समजून बाहेर आले आणि त्यांना पुन्हा एकदा निरोप द्यावा लागला. विजयाबाई पुढे, हिरवं लुगडं नेसून, पायाशी पाण्याचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. काकासाहेब मागे, फेटा बांधून, हातात वेताची काठी. घोडा नसला तरी काठी होतीच.

नगर मागे पडलं आणि यज्ञेश्वररावांना आपण इथून आधी येऊन गेलो आहोत असंच वाटू लागलं. धुक्यात बाजरीच्या सुड्या उभ्या होत्या. ऊन कोवळं होतं. गाडीचा आवाज म्हणजे मांजर मांडीवर घेतलं की येतो तेवढाच. पाय हलका, अगदी हलका. एक सायकलवाला पुढे गेला. मग दुधाच्या घागरी घेतलेला दुसरा सायकलवाला पुढे गेला आणि जाताना त्याने काळजीने विचारलं, "बिगाडलीय का काय?"

"नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले. "जपून चाललोय."

राहुरीला ऊस खरोखरच डावीकडे होता. विजयाबाईंनी काच खाली केली, खरी काच, आणि बाहेर हात काढून वारा घेतला. यज्ञेश्वररावांनी दांड्याकडे पाहिलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर वळवली.

राहुरीच्या पुढे मेंढरं लागली. रस्ताभर पसरलेला, धुळीने सोनेरी झालेला, हळूहळू वाहणारा कळप. या गाडीची एक गंमत होती. ब्रेक सोडला की पाय न लावताही ती आपली आपण मुंगीच्या पावलांनी सरकत राही. यज्ञेश्वररावांनी दोन्ही पाय गाडीच्या तळावर ठेवले आणि गाडी मेंढरांमागे सोडून दिली. इतकं न झिजणं त्यांनी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. समोर शेकडो पाठी हलत होत्या, लोकरीचा समुद्र, आणि त्यात ही निळी नाव. एक कोकरू मागे राहिलं, खिडकीशी आलं आणि विजयाबाईंकडे बघत बराच वेळ बरोबरीने चाललं.

"हॉर्न वाजव!" काकासाहेब मागून ओरडले. "हाकल त्यांना! मामलेदाराच्या घोड्यापुढे मेंढरू टिकत नसे!"

"हॉर्नचं रबर झिजतं, काकासाहेब."

शेवटी धनगरालाच दया आली आणि त्याने कळप बाजूला घेतला.

संगमनेरला दशम्या खाल्ल्या, अकोले गेलं, आणि दुपार कलताना विठ्याचा घाट आला. चढताना यज्ञेश्वररावांनी दांडी लोवर घेतली. इंजिन गुरगुरू लागलं. त्यांना वाटलं, हाच तो झिजण्याचा आवाज, आतली चक्रं पीठ होऊन तेलात पडताहेत. घाटमाथ्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि कपाळ पुसलं. समोर रस्ता नागमोडी उतरत होता, खाली भाताची खाचरं पिकून पिवळी झाली होती आणि पलीकडे निळ्या डोंगरांच्या रांगा एकीमागे एक उभ्या होत्या.

"आता सोपं आहे," काकासाहेब म्हणाले. "हा उतार मी घोड्यावरून उतरलोय. उतारावर जनावराला मोकळं सोडावं, लगाम सैल. ते आपलं आपण पाऊल टाकतं. तुझ्या त्या न्यूट्रलमध्ये घाल."

"मामा म्हणाले होते," विजयाबाई म्हणाल्या, "उतारावर लो."

"सूनबाई, मामांना दिसत नाही."

यज्ञेश्वररावांच्या कानात अजून ती गुरगुर होती. त्यांनी दांडी न्यूट्रलवर घेतली.

आणि काय सांगावं! आवाज मिटला. गाडी उताराला लागली ती पाण्यावर पान वाहत जावं तशी. झाडं मागे गेली, वळण आलं आणि गेलं, डोंगर हळूच फिरून दुसऱ्या बाजूला उभे राहिले. यज्ञेश्वररावांचे डोळे अर्धवट मिटले. काही झिजत नव्हतं. चक्रं स्वस्थ होती, इंजिन स्वस्थ होतं, कुणी कुणावर घासत नव्हतं. आपण असंच उतरत राहू आणि कुठेही पोचणार नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते त्यांना फार बरं वाटलं.

"अहो," विजयाबाई म्हणाल्या, "जोरात चाललीय."

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी जराशी दबली. पुढच्या वळणाला पुन्हा दाबला, पुढच्या वळणाला पुन्हा. काहीतरी करपल्याचा वास आला.

"डब्यातलं काही लागलं का?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"गाडीतलं लागलंय," विजयाबाई म्हणाल्या.

पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तेव्हा तो मऊ लोण्यासारखा खाली गेला आणि गाडीने त्याची दखल घेतली नाही. यज्ञेश्वररावांची झोप उडाली. संकटात माणूस दोन्ही पायांनी लढतो. उजवा पाय ब्रेकवरून घसरला. डावा मात्र घसरला नाही. तो आपल्या हक्काच्या पायट्यावर, अंगातल्या सगळ्या बळानिशी, ज्यावर प्राण अवलंबून आहेत अशा श्रद्धेने पडला. सरकारमान्य पायटा स्प्रिंगसकट उपटला गेला. समोर वळण होतं. गाडी वळली नाही. रस्ता सोडून, बांधावरून, ती पिकल्या भातात शिरली, आणि सळसळत, हळूहळू, कुणाचीही झोपमोड होऊ नये अशा बेताने चिखलात जाऊन थांबली.

खूप शांत होतं. बॉनेटवर भाताच्या लोंब्या झुकल्या होत्या.

बांधावर विळा घेऊन एक माणूस उभा होता. त्याने ते सगळं नीट पाहून घेतलं.

"आवं," तो म्हणाला, "हितनं रस्ता न्हाई."

त्याचं नाव भिमाजी. खाचर त्याचंच. यज्ञेश्वरराव दार उघडून खाली उतरले ते घोट्याइतके चिखलात, आणि चपला हातात घ्यायचं राहूनच गेलं. काकासाहेबांचा फेटा सुटून गळ्यात आला होता. विजयाबाईंना खरचटलंसुद्धा नव्हतं. त्या उतरून आडव्या झालेल्या भाताकडे बघत होत्या.

"तुमचं फार नुकसान झालं हो," त्या म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या, बाई. चार पेंढ्या गेल्या. पर मोटार भातात उतरलेली आमच्या आज्यानं बी पायली नसंल." भिमाजीने बांधावर चरणाऱ्या आपल्या बैलांकडे बघत विचारलं, "बैलं कुठं जुपू? फुडं का मागं?"

"ओढू नका!" यज्ञेश्वरराव ओरडले. "इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतली चक्रं झिजतात!"

"मंग काय, उचलून ठिवू?"

यज्ञेश्वरराव चिखलात उभे राहून विचार करू लागले. उन्हं डोंगराकडे सरकत होती. त्यांनी विजयाबाईंकडे पाहिलं. नगरहून इतकं दूर येऊन, पाण्यापासून इतक्या जवळ, लुगड्याचा काठ चिखलात बुडवून त्या उभ्या होत्या, आणि आता परत फिरायचं ठरलं असतं तरी त्या काहीच म्हणाल्या नसत्या. हे त्यांना त्या क्षणी इतकं स्वच्छ दिसलं की चक्रांचा विचार मागे पडला.

"जुंपा," ते म्हणाले. "मागे जुंपा. ओढा."

बैलांनी जोर लावला, भिमाजीने आरोळी दिली, काकासाहेबांनी काठीने हवेत हुकूम सोडले, आणि मोटार 'चप्प' असा आवाज करून रस्त्यावर आली. बराच वेळ उभी ठेवून, चाकं निवल्यावर, किल्ली फिरवली. ती सुरू झाली. ब्रेकही पुन्हा कडक लागू लागला होता. इतक्या हालअपेष्टांनंतर ती इतक्या सहज सुरू व्हावी, हे यज्ञेश्वररावांना किंचित अपमानकारकच वाटलं.

ते चाकावर बसले नाहीत. दाराला धरून उभे राहिले.

"पाय मुरगळलाय माझा," ते म्हणाले.

मुरगळला होता हे खरं. पण तो डावा पाय होता, आणि या गाडीला डाव्या पायाचं काहीच काम नव्हतं, हे नगरमध्ये विजयाबाईंइतकं कुणाला माहीत नसेल. त्यांनी त्या पायाकडे पाहिलं.

"हो, सुजलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही मागे बसा. पाय लांब करा."

"मग चालवणार कोण?" काकासाहेब फेटा गुंडाळत पुढे झाले. "मी बघतो. लगाम धरणारा हात—"

पण विजयाबाई चाकामागे बसल्यासुद्धा होत्या. पदर खोचलेला. त्या जरा थांबल्या, इंजिनचा आवाज सुरुवातीचा खरखरीतपणा सोडून मऊ होईपर्यंत. मग ब्रेकवर पाय ठेवून दांडी खेचली, ब्रेक सोडला, आणि गाडी निघाली. डावा पाय त्यांनी मुळी मांडी घातल्यासारखा बैठकीवरच घेतला होता. सगळं शिक्षण घरीच झालं होतं, मामांना पुऱ्या वाढता वाढता आणि अंगणात गवार निवडता निवडता. त्या डाव्या पायाला विसरायचंच काही नव्हतं.

"जपून," यज्ञेश्वरराव मागून म्हणाले. "हलक्या पायाने. आता खड्डा आहे. आता—"

खड्डा येऊन गेला होता. तांब्यातलं पाणी हललं आणि काठावर न येता पुन्हा स्थिर झालं. दूध उतू जायच्या आधी आच कमी करावी तसा त्यांचा पाय वेळेवर उचलला जात होता. पुढचा उतार आला तेव्हा त्यांनी दांडी लोमध्ये घेतली. इंजिन गुरगुरलं.

"सूनबाई, गुरगुरतंय ते!"

"गुरगुरू द्या, काकासाहेब. धरून ठेवतंय ते आपल्याला."

यज्ञेश्वररावांनी तो आवाज ऐकला. मघाशी त्यांना ज्यात पीठ पडताना ऐकू आलं होतं, तो आवाज मागच्या बैठकीवर बसून ऐकला तर घरात कुणीतरी जातं ओढत असावं तसा होता, झोप आणणारा. त्यांच्या मानाला लागलेली ठेच ठणकत होती. पण ठणकता ठणकता ती जराशी बधिरही होत होती.

राजूर आलं आणि गेलं. मग रस्ता वळला, झाडी फाटली, आणि खाली पाणी दिसलं.

विजयाबाईंनी गाडी कडेला घेतली. पाणी फार मोठं होतं, आणि अगदी स्तब्ध. डोंगर त्यात उलटे उतरले होते. कुठूनतरी सांडव्याचा आवाज येत होता, दुरून, पलीकडच्या खोलीत कुणी बोलत असल्यासारखा. उतारावर पिवळी फुलं होती. दोघं खाली गेली, एक धडधाकट आणि एक लंगडत, आणि एका दगडावर बसली. काकासाहेब गाडीतच राहिले. त्यांनी हे पाणी पूर्वी पाहिलं होतं.

"छान आहे," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"हं," विजयाबाई म्हणाल्या.

एवढंच बोलणं झालं. त्या पाण्याकडे बघत होत्या आणि ते त्यांच्याकडे. कुणाच्याही लग्नाला आलेली नसताना ही बाई कशी दिसते, ते त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

ऊन पिवळं झालं तेव्हा मुक्कामाला डाकबंगल्याकडे निघायला ती दोघं गाडीत बसली. रस्ता पाण्याच्या कडेकडेने होता. यज्ञेश्वररावांनी मागे डोकं टेकलं. पाण्यात एक वठलेलं झाड उभं होतं, आणि त्याच्या फांद्यांवर बगळे बसले होते, इतके की झाडाला पांढरा मोहर आल्यासारखा वाटावा. ते उजव्या हाताला होतं. त्यांचे डोळे मिटले.

ते उघडले तेव्हा झाड पुन्हा दिसलं. बगळे तसेच. पण आता ते डाव्या हाताला होतं. स्वप्नातलं असावं म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले. झाड उजव्या हाताला आलं होतं.

यज्ञेश्वरराव हळूहळू पुरते जागे झाले. डाकबंगल्याचं फाटक मागेच येऊन गेलं असणार. विजयाबाई त्या टोकाला जाऊन वळत होत्या, या टोकाला येऊन वळत होत्या, आणि पाण्याच्या कडेचा तोच तेवढा रस्ता पुन्हा पुन्हा जात होत्या. त्यांना पेट्रोलची कुपनं आठवली. टायर आठवले. तेलात बुडालेली ती चक्रं आठवली, कारण नसताना फिरत असलेली. सांगायचे शब्द जिभेवर आले.

समोरच्या छोट्या आरशात विजयाबाईंचा चेहरा दिसत होता. त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

यज्ञेश्वररावांनी घाईघाईने डोळे मिटले. शेजारी काकासाहेब मनापासून घोरत होते, लांब, संथ, सुरेल. यज्ञेश्वरराव क्षणभर तो ठेका ऐकत राहिले आणि मग त्यांनीही, जागेपणी आयुष्यात पहिल्यांदाच, त्या सुरात आपला सूर मिसळून घोरायला सुरुवात केली.